आषाढ भाजायचा नसतो

बाबा मार्गशीर्षात गेले. आमच्या घरात कोणी गेले की पुढचे वर्षभर तळण होत नाही. पोळी, भात, भाजी, आमटी, प्रसंगी साधी खीरसुद्धा चालते. परंतु कढईत तेल ओतून ती गॅसवर चढवायची नाही. या रीतीचे कारण मी लहानपणी एकदा आईला विचारले होते. तेव्हा शास्त्र वगैरे काही न सांगता ती एवढेच म्हणाली होती की तळणाचा वास चार घरे जातो आणि तो आला की लोकांना वाटते, यांच्याकडे आज काहीतरी आहे. दिवसकार्य आटोपल्यावर तिने बिडाची मोठी कढई घासून कोरडी केली, तिला तेलाचे बोट फिरवले, ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला स्टुलावर चढवून माळ्यावर ठेवायला लावली.

पौषात कोथिंबीर भरपूर येते. पावसाळ्यात जी जुडी हात लावू देत नाही, तीच थंडीत भाजीवाला इतर भाजीबरोबर जवळजवळ भेट म्हणून देतो. अशा दोन जुड्या घरात आल्या आणि आईच्या हातांनी सवयीने पुढचे सगळे केले: निवडली, धुतली, चिरली, त्यात बेसन, थोडी तांदळाची पिठी, तीळ, हळद, तिखट, ओवा घालून भिजवले, उंडे वळले आणि मोदकपात्रात वाफवायला ठेवले. उंडे निवले, ती सुरी घेऊन कापायला बसली, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की पुढची पायरी या वर्षी नाही. सुरी हातात धरून ती क्षणभर तशीच राहिली. मी ओट्याच्या कोपऱ्यातल्या ओव्हनकडे बोट दाखवले. भाचा सुट्टीत येतो, त्याच्यासाठी केक करायला म्हणून तो घेतलेला होता आणि वर्षातले अकरा महिने त्यावर पोळ्यांचा डबा ठेवलेला असे.

“यात भाजल्या तर चालेल?”

आईने थोडा विचार केला. “भाजणं म्हणजे काही तळणं नव्हे,” ती म्हणाली.

ओव्हनमधल्या वड्या आमच्या घरात आल्या त्या अशा. नंतर भेटायला आलेल्या बहुतेकांची समजूत झाली की हे कोलेस्टेरॉलचे प्रकरण असणार, आणि आम्हीही ती दूर केली नाही. तब्येतीचे कारण सांगितले की कोणी पुढे काही विचारत नाही.

पहिला प्रयोग फसला. कढई नाही म्हणजे तेलच नाही, अशी सरळ समजूत करून घेऊन मी वड्या कोरड्याच पत्र्याच्या ट्रेवर मांडल्या आणि वीस मिनिटे भाजल्या. बाहेर आले ते तडे गेलेले, पांढुरके, पिठूळ तुकडे होते. घास घेतला की बेसन टाळूला चिकटे आणि पाणी प्यावे लागे. आईने एक वडी पूर्ण खाल्ली, कारण अन्न टाकायचे नसते, आणि म्हणाली, “शिळ्या झुणक्याची वडी आहे ही.” तेलाचा एकही थेंब न घालता कुरकुरीत वड्या करण्याचे आश्वासन जिथे जिथे दिसते तिथे तिथे मला तो झुणका आठवतो. बेसनाला तेल लागतेच. प्रश्न फक्त किती आणि कुठे, एवढाच असतो.

हे नीट कळायला मला थोडे शाळेतले पदार्थविज्ञान आठवावे लागले. ओव्हनचा काटा १८० अंशांवर असताना आपण आत हात घालून ट्रे सरकवतो आणि दोन-तीन सेकंद आपल्याला काही होत नाही. तेच तापमान असलेल्या तेलात बोटाचे टोक बुडवण्याची कल्पनाही करवत नाही. हवा आणि तेल दोन्ही १८० अंशांवर असली तरी तेल आपली उष्णता पदार्थाला कितीतरी वेगाने देऊन टाकते, हवा मात्र कंजूष असते. कढईत वडी पडताच तिच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत वरचा थर कोरडा होऊन तांबूस पडतो. हा तांबूसपणा आणि त्याच्याबरोबरचा खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो तिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. पिठातली प्रथिने आणि शर्करा यांची ही क्रिया नीट जोर धरते ती साधारण १४० अंशांच्या पुढे, आणि जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. ओव्हनमधल्या वडीचा सगळा वेळ आधी स्वतःला वाळवण्यातच जातो. वाळता वाळता ती आतूनही कोरडी होते, आणि रंग येईपर्यंत खाण्यासारखी उरत नाही.

यातून मार्ग निघाला तो दोन साध्या गोष्टींनी. पहिली गोष्ट म्हणजे उंडे वाफवल्यावर लगेच कापायचे नाहीत. ते पूर्ण निवू द्यायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवायचे. एरवी फ्रिजमध्ये उघडे ठेवलेले अन्न सुकते म्हणून आपण कुरकुरतो, तो दोष इथे कामाला येतो. सकाळी उंडा घट्ट झालेला असतो, सुरीला चिकटत नाही आणि अर्ध्या पेराएवढ्या जाडीच्या वड्या सुबक कापल्या जातात. दुसरी गोष्ट तेलाची. सोळा वड्यांना दोन लहान चमचे तेल मी घेते. त्यातले निम्मे ट्रेवर पसरून ट्रे ओव्हनबरोबरच २०० अंशांपर्यंत तापू देते आणि उरलेले वड्यांच्या वरच्या अंगाला बोटाने चोळते. तापलेल्या ट्रेवर वडी ठेवली की चर्र असा आवाज येतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली, “आता बोलली वडी.” बारा मिनिटांनी उलटायच्या, मग आणखी आठ ते दहा मिनिटे. तिळाकडे लक्ष ठेवायचे, कारण तीळ बेसनाच्या आधी तांबूस होतो आणि तो काळवंडला की सगळ्या वडीला कडवटपणा येतो.

या वड्या मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलू लागले, तेलही तोलू लागले. सोळा वड्यांना नऊ ग्रॅम. कढईत त्या किती तेल पितात हे मात्र त्या वर्षी तोलता येणार नव्हते.

आषाढ आला तेव्हा मला वाटले की आता आपल्याला ही विद्या अवगत झाली आहे. आषाढात आमच्याकडे तळण करण्याची पद्धत आहे. ‘आषाढ तळणे’ असेच तिचे नाव आहे. बाहेर पावसाची झड, घरात तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कापण्या, भजी. साताऱ्याच्या घरी आम्ही अकरा माणसे होतो आणि त्या दिवशी दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत कढई उतरत नसे. मी आईला म्हटले की कापण्या ओव्हनमध्ये करून बघू, कांद्याची भजीही करू. तिने मान हलवली. “आषाढ तळायचा असतो. भाजायचा नसतो. या वर्षी नाही तर नाही.” वड्यांना चालते ते आषाढाला का चालत नाही, हा माझा वाद तिने ऐकूनसुद्धा घेतला नाही. मला तो भेद तेव्हा हट्टाचा वाटला.

भजी मी तरीही एका दुपारी, आषाढाचे नाव न घेता, करून पाहिली. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कढईत पीठ सोडले की काही क्षणांत बाहेरून आवळते आणि भज्याला आकार येतो. ओव्हनच्या ट्रेवर त्याला आवळायला कोणी नसते, त्यामुळे ते निवांत पसरते. माझ्या भज्यांची एक सलग धिरडी झाली. कांद्याला मीठ चोळून त्याच्याच पाण्यात मावेल तेवढेच बेसन घालून, झुपके विरळ पसरून केलेली खेकडा भजी बरी होतात, कडा करकरीत होतात, मधला कांदा मात्र उकडल्यासारखा लागतो. बटाटेवड्याची कथा याहून वाईट. पिठात बुडवलेला गोळा ट्रेवर ठेवला की दोन मिनिटांत त्याचा अंगरखा पायाशी गळून पडतो. मग मी तो अप्पेपात्रात केला, तेव्हा भाचा सुट्टीवर आलेला होता. त्याने पाच खाल्ले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “आत्या, मस्त आहेत, फक्त याला वडा म्हणू नकोस.” त्याचे खरे होते. पदार्थ चांगला होता, नाव उसने होते, आणि उसन्या नावामुळे चांगला पदार्थ नापास होत होता. ‘ओव्हनमधली भजी’ असे म्हणणाऱ्याने खाणाऱ्याच्या जिभेला आधीच भज्यांचे वचन दिलेले असते.

श्रावणात अळू आला, आणि तिथे माझी खरी फजिती झाली. अळूवडीचे उंडे वाफवायला वेळ लागतो. ओव्हन २०० अंशांवर तापतोच आहे, तर कच्चा उंडाच कापून सरळ भाजावा, असा शहाणपणा मला सुचला. पानांना चिंच-गुळाचे बेसन लावले, वळकट्या केल्या, कापल्या, भाजल्या. दिसायला त्या वाफवलेल्या वड्यांपेक्षा देखण्या होत्या. पहिला घास गेला आणि अर्ध्या मिनिटात घशात काटे टोचू लागले. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि पान नीट शिजले नाही तर घसा खाजतो. चिंच किंवा आमसूल घालायचे ते याचसाठी. ओव्हनच्या कोरड्या हवेत बाहेरचा वेढा करपेपर्यंत भाजला गेला होता, आतली पाने जेमतेम मलूल झाली होती. आईने मला ताक दिले, वर आमसूल चघळायला दिले, आणि हसू आवरत म्हणाली, “अगं, आधी उकडायचं ते काय आम्हाला वेळ जात नव्हता म्हणून?”

घसा शांत झाल्यावर मी त्या वाक्याचा विचार केला, आणि माझ्या वर्षभराच्या खटाटोपातला सारा हिशेब त्यातच होता. कोथिंबीरवडी, अळूवडी, कोबीची वडी हे पदार्थ वाफेवर शिजून पूर्ण झालेले असतात. कढईकडे त्यांचे काम फक्त रंगाचे आणि कुरकुरीतपणाचे उरते. हे उरलेले काम ओव्हन करू शकतो, जरा सावकाश, परंतु करतो. भजी आणि बटाटेवड्याचे तसे नाही. त्यांचे पीठ तेलातच शिजते, तेलातच फुगते, तेलातच आकार घेते. ती कढईची स्वतःची लेकरे आहेत. कापण्याही त्यातल्याच. आईने आषाढाला नकार दिला तेव्हा तिच्या मनात हे वर्गीकरण असेल असे मी म्हणत नाही. तिच्या मनात बाबा होते. परंतु हाताला जे माहीत असते ते माणूस दुसऱ्याच कारणाने बोलून जातो.

कापांबद्दल मात्र मला थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण ओव्हनने जर कोणाचे खरोखर भले केले असेल तर ते वांग्याच्या कापांचे. वांगे तव्यावर टाकले की ते आधी तेल पिते, मग पुन्हा तेल मागते, आणि आपण चमचा घेऊन उभेच. भरताचे मोठे वांगे बोटभर जाडीचे कापून, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी पुसून घ्यावे आणि तिखट, हळद, हिंग लावून रव्यात घोळवावे. इथे एक चूक मी तीनदा केली: कोरडा रवा ओव्हनमध्ये कोरडाच राहतो आणि दाताखाली वाळूसारखा कचकचतो. रव्याला आधीच चमचाभर तेल चोळून घेतले, तो ओलसर वाळूसारखा भुरभुरीत झाला, आणि मग त्यात काप घोळवले, की तोच रवा खरपूस होतो. सुरणाचेही असेच, फक्त त्याला आधी आमसुलाच्या पाण्यात उकडून घ्यायचे. अळूने शिकवलेला धडा सुरणाला जसाच्या तसा लागू पडतो. कोकणातून कोणी नीरफणस आणून दिला तर त्याच्यासारखा काप दुसरा नाही. बटाट्याच्या कापांना फार तांबूस होऊ देऊ नये. पिठूळ पदार्थ साधारण १२० अंशांच्या वर तापले की त्यांत अक्रिलअमाइड नावाचे नकोसे रसायन तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केले, आणि ते तळण्यात होते तसेच भाजण्यातही होते. ओव्हनमधून निघाले म्हणजे सोवळे झाले, असे काही नसते. काप पाण्यात भिजवून, कोरडे करून, सोनेरी रंगावरच काढले की ते कमी होते.

दिवाळीत घरी काही झाले नाही. शेजारच्या तीन घरांतून डबे आले, जसे आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तशा दिवाळीत पाठवले होते. ते डबे रिकामे परत करायचे नाहीत म्हणून मी नानकटाई भाजली, आणि आईला साताऱ्याच्या पेठेतली बेकरी आठवली. दिवाळीच्या आधी घरोघरीच्या बायका पीठ, तूप, साखर आणि पत्र्याचे ट्रे घेऊन तिथे रांग लावत आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणत. ओव्हन तेव्हा घराबाहेरची वस्तू होती. नंतर आमच्याकडे झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल अल्युमिनियमचा ओव्हन आला. चालू आणि बंद याखेरीज त्याला तिसरी भाषा येत नसे, आणि त्यात तिखटमिठाचे काही भाजावे हे कोणाच्या डोक्यातही आले नाही. भाजणे ते गोडाचे, तिखट ते कढईचे, अशी सरळ वाटणी होती.

ती वाटणी का होती, याचे एक कारण माणसांच्या संख्येत आहे असे मला आता वाटते. अकरा माणसांच्या घरात कढईभर तेल तापवले तर त्यात चार घाणे पुऱ्या, तीन घाणे भजी निघत, आणि उरलेले तेल दोन दिवसांच्या फोडण्यांत संपून जाई. आम्ही दोघीच. आठ वड्यांसाठी अर्धा लिटर तेल तापवायचे, मग ते गाळून किटलीत भरायचे, मग त्या किटलीकडे आठवडाभर अपराधी नजरेने पाहायचे. उपाहारगृहांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचे नाही. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल बिघडते त्याचे ते माप आहे. घरातल्या किटलीला माप नसते. तिला फक्त वास असतो, आणि तो आला तरी काटकसरीत वाढलेली पिढी ती ओतून देत नाही. बाबा असतानाही तळण कमी कमी होत गेले होते, ते डॉक्टरांमुळे फारसे नव्हे, किटलीमुळेच.

आणखी एक फरक मला दिसायला उशीर झाला. कढईचे काम घाण्याघाण्याने चालते. पहिला घाणा निघे तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे असत. जीभ पोळली तरी पहिले भजे तिथेच, उभ्यानेच. मग मुले, मग आलेगेले. आई गॅससमोर, आणि तिच्या वाट्याला शेवटचा घाणा, तोही निवलेला, कारण तोवर तिला तेलाच्या वासाने खाण्याची इच्छाच उरलेली नसे. ओव्हनमधून सोळाच्या सोळा वड्या एकदम बाहेर येतात. पौषातल्या त्या यशस्वी वड्यांच्या दिवशी आम्ही दोघी एकाच वेळी टेबलाशी बसलो होतो, ताटात गरम वड्या होत्या, आणि आई एक एक तुकडा सावकाश मोडून खात होती. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने पहिली गरम वडी बसून खाल्ली, हे माझ्या लक्षात यायला आषाढ उलटून गेला होता.

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झाले. श्राद्धाच्या स्वयंपाकात उडदाचे वडे लागतात, त्यामुळे कढई माळ्यावरून उतरली ती त्या दिवशी. भाऊ-भावजय आली होती. वडे भावजयीने तळले, आईने पिठाची घट्ट-सैल बाजू पाहिली. वास चार घरे गेला असेल.

पंधरा दिवसांनी पुन्हा कोथिंबीर स्वस्त झाली. आईने उंडे वाफवले, फ्रिजमध्ये ठेवले, आणि सकाळी बत्तीस वड्या कापल्यावर म्हणाली, “निम्म्या तळ.” मी कढई ठेवली. सवयीने आधी तेल तोलले. सोळा वड्या दोन घाण्यांत तळल्या, झाऱ्यावर अर्धे मिनिट नीट निथळू दिल्या. हे अर्धे मिनिट महत्त्वाचे असते, कारण तळताना आतली वाफ जोराने बाहेर येत असल्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. वडी बाहेर काढली, निवू लागली, वाफ आक्रसली की वरचे तेल आत ओढले जाते. उरलेले तेल निवल्यावर पुन्हा तोलले. वड्यांनी ४२ ग्रॅम तेल प्यायले होते. ग्रॅमला नऊ उष्मांक या हिशेबाने ओव्हनमधल्या सोळा वड्या सुमारे ३०० उष्मांकांनी हलक्या ठरल्या, म्हणजे वडीमागे जेमतेम अठरा-एकोणीस. बेसन दोन्हींत तेवढेच. वर्षभर ज्या आकड्याची वाट पाहिली तो इतका किरकोळ निघाला, याचे मला हसू आले. दोन वड्या खाणाऱ्याने तळलेल्याच खाव्यात. आठ खाणाऱ्याने विचार करावा, आणि आमच्या घरात आठ खाणारे माणूस आता नव्हते.

आईने तळलेली एक वडी घेतली, फुंकर घातली, दारातच उभी राहून खाल्ली. मग दुसरी घेतली. तळलेली वडी ती तळलेली वडी. माझ्या नऊ ग्रॅमच्या वडीला तो पापुद्रा नाही आणि येणारही नाही.

“छान झाल्यात,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली. “आता उरलेल्या तुझ्या त्यात टाक. आणि तूही ये. मला बसून खायच्यात.”